विजेच्या मोटरीची नाडीपरीक्षा

संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये अंग चोरून उभ्या राहिलेल्या माणसाला, आपल्या पायांखाली कोणती मोटर फिरते आहे, हा प्रश्न पडत नाही. पडू नये हेच बरे. त्याला नालासोपाऱ्याला उतरावयाचे असते! परंतु वाचकहो, जुन्या प्रवाशांना एक फरक आठवत असेल. पूर्वीची गाडी स्थानकातून सुटताना हिसके देत देत वेग घेई. आजची गाडी गुणगुणत निघते आणि वेग कधी वाढला ते कळतही नाही.

बोरिवली ते विरार हा मार्ग १९३६ साली विजेवर आला. त्यानंतर कितीतरी वर्षे वरच्या तारेत १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह असे. २०१२ साली चर्चगेटपासून विरारपर्यंतचा सारा उपनगरी मार्ग २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर गेला. जुन्या गाड्यांत मोटरीच्या वाटेत रोध घालून ठेवीत आणि तो टप्प्याटप्प्याने काढून घेत; प्रत्येक टप्प्याला एक हिसका. नव्या गाड्यांत तीन फेजच्या मोटरी आहेत. त्यांना कोणत्या क्षणी किती दाबाची वीज द्यावयाची हे एक इलेक्ट्रॉनिक यंत्र ठरवते. कारखान्यांतून अशाच यंत्राला ‘ड्राइव्ह’ म्हणतात.

हा ड्राइव्ह म्हणजे मोटरीचा हिशेबनीस समजा. हिशेबात तो मोठा तरबेज. सेकंदाला हजारो वेळा गणित करतो. पण त्याला डोळे नाहीत. मोटर केवढी, कशी, तापलेली की थंड, हे त्याला दिसत नाही. आपण दिलेल्या दोन-चार आकड्यांवर त्याचा सारा भरवसा. ते आकडे कसे मिळवावयाचे आणि ते चुकले तर काय होते, एवढेच आज सांगावयाचे आहे. त्यासाठी मी एका खास जातीची मोटर निवडली आहे, कारण इतर मोटरी चुकीचे आकडे थोडेफार सोसून घेतात. ही घेत नाही. आणि हे ज्ञान मला पुस्तकातून झालेले नाही, फजितीतून झाले आहे.

गेल्या पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांचा वसई पूर्वेला लहानसा गाळा आहे. प्लास्टिकचे दाणे वितळवून त्यांची नळी काढण्याचे एक यंत्र तिथे चालते. त्याची जुनी मोटर जळाली, तेव्हा वडिलांनी वीज वाचेल म्हणून साडेसात एचपीची नव्या जातीची मोटर आणली. ड्राइव्ह मात्र जुनाच ठेवला. मोटर सकाळी सुरू होई, भार वाढवला की ड्राइव्ह ट्रिप होई. दुपारच्या सुट्टीनंतर तर ती जागच्या जागी थरथरत राही. विद्यार्थ्याचा फोन आला, “सर, तुम्ही गणिताचे. जरा येऊन बघता का?” आता मी एम्. ए. झालेला, गणित शिकवणारा माणूस. मोटरीची समीकरणे फळ्यावर पुष्कळदा मांडली होती. म्हटले, जाऊन पाहू या. गाळ्याबाहेर चार कामगार बाकावर बसले होते. यंत्र बंद म्हणजे त्यांची रोजंदारी बंद. ते माझ्याकडे ज्या आशेने पाहू लागले ती पाहून मलाच संकोच वाटला.

तिथे काय झाले ते सांगण्यापूर्वी ही मोटर कशी चालते ते पाहू.

तिचे नाव सिंक्रोनस रिलक्टन्स मोटर. नाव अवघड, पण आतला प्रकार सोपा आहे. मोटरीचा बाहेरचा स्थिर भाग तो स्टेटर. त्यात तांब्याच्या तारेची तीन वाइंडिंग असतात, आणि तीन फेजची वीज दिली म्हणजे आत चुंबकीय क्षेत्र गोल फिरू लागते. आतला फिरता भाग तो रोटर. नेहमीच्या इंडक्शन मोटरीत रोटरमध्ये ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या सळया असतात. त्यांतही प्रवाह वाहतो आणि त्या तापतात. दुसऱ्या एका जातीत रोटरमध्ये कायमचे चुंबक बसवतात. आपल्या या मोटरीच्या रोटरमध्ये सळ्याही नाहीत आणि चुंबकही नाहीत. लोखंडाचे पातळ पत्रे, त्यांत कमानीसारख्या कापलेल्या फटी, आणि असे पत्रे एकावर एक रचलेले. बस्स, एवढेच.

मग तो फिरतो कशाने? भाताच्या खाचरात बांध घातलेले असतात ते डोळ्यांसमोर आणा. बांधांच्या मधून पाणी सहज वाहते. बांध ओलांडून जायचे म्हटले की अडते. त्या पत्र्यांतही तसेच आहे. फटींच्या मधल्या लोखंडातून चुंबकीय रेषा सुखाने जातात. फटी ओलांडून जावयाला नाखूश असतात. रिलक्टन्स म्हणजे हीच नाखुशी. म्हणून या रोटरला दोन दिशा असतात, एक सोपी आणि एक अवघड. इंजिनिअर सोपीला डी-अक्ष म्हणतात, अवघडीला क्यू-अक्ष.

आता पाचूबंदरच्या किनाऱ्यावर नांगरलेली होडी पाहा. ओहोटीचा ओढ लागला की ती आपोआप वळते आणि ओढीच्या दिशेने सरळ होते. लोखंडाचा हा रोटरही आपली सोपी दिशा चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने आणू पाहतो. क्षेत्र गोल फिरत राहिले की रोटर त्याच्यामागे फिरत राहतो, आणि नेमका त्याच वेगाने फिरतो, म्हणून सिंक्रोनस.

ही कल्पना आजची नव्हे. १९२३ साली कोस्तको नावाच्या इंजिनिअराने अमेरिकेत ती सविस्तर मांडली. १९२९ मध्ये आर. एच. पार्क यांनी तीन फेजचे गुंतागुंतीचे हिशेब, रोटरबरोबर फिरणाऱ्या दोन अक्षांवर आणून सोपे करण्याची रीत दिली. आजचे पुष्कळ ड्राइव्ह ती रीत वापरतात. तरीही ही मोटर बरीच वर्षे मागे पडली, कारण तिला सरळ महावितरणच्या तारेवर जोडून चालवता येत नाही. उभ्या रोटरला एकदम ५० हर्ट्झच्या क्षेत्राची गती पकडता येत नाही; तो नुसता थरथरतो. स्वस्त आणि चपळ ड्राइव्ह आले तेव्हा हिचे दिवस पालटले. एबीबी कंपनीने २०११ मध्ये मोटर आणि ड्राइव्ह अशी जोडीच बाजारात आणली.

यात आपल्याला गोडी वाटण्याची दोन कारणे आहेत. जगातल्या एकूण विजेपैकी सुमारे पंचेचाळीस टक्के वीज मोटरी वापरतात. रोटर तापला नाही तर त्यातली थोडी वाचते. दुसरे कारण चुंबकांचे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यातीचे परवाने लादले. त्याची झळ थेट पुण्यापर्यंत आली. बजाज ऑटोला त्या वर्षी विजेवरच्या गाड्यांचे उत्पादन काही काळ घटवावे लागले. ज्या मोटरीला चुंबकच लागत नाही तिच्याकडे तेव्हापासून लोक अधिक आदराने पाहू लागले आहेत.

गुण सांगितले, तसा दोषही सांगावयास हवा. चुंबक नसल्याने चुंबकीय क्षेत्र उभे करण्याचा प्रवाहही बाहेरूनच द्यावा लागतो, त्यामुळे पॉवर फॅक्टर कमी पडतो आणि ड्राइव्ह थोडा मोठा घ्यावा लागतो. आणि मुख्य म्हणजे, हिशेब बिनचूक हवा. हिचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, डी-अक्षाचा इंडक्टन्स आणि क्यू-अक्षाचा इंडक्टन्स यांच्या वजाबाकीवर अवलंबून असतो. प्रवाह बदलू लागला की त्याला विरोध करण्याचा वाइंडिंगचा जो गुण, तो इंडक्टन्स. सोप्या दिशेने तो मोठा, अवघड दिशेने लहान. वजाबाकीतले दोन्ही आकडे ठाऊक नसतील तर हिशेबनिसाने काय करावे?

तेव्हा मोजावयाच्या गोष्टी तीन: वाइंडिंगचा रोध, डी-अक्षाचा इंडक्टन्स आणि क्यू-अक्षाचा इंडक्टन्स. यांतले काहीही नेमप्लेटवर सहसा लिहिलेले नसते. नेमप्लेटवर एचपी, व्होल्ट, अँपिअर, फेरे एवढेच.

प्रथम रोध. मोटरीच्या तीन टोकांना यू, व्ही, डब्ल्यू म्हणू. दोन टोकांमध्ये एकदिश प्रवाह सोडा; दाब भागिले प्रवाह म्हणजे रोध. हिशेबाला सोपे आकडे घेऊ. दाब १० व्होल्ट, प्रवाह ५ अँपिअर, तर २ ओहम. स्टार जोडणीत दोन फेज एकापुढे एक येतात, म्हणून एका फेजचा रोध १ ओहम. यात दोन पथ्ये. दाब मोजण्याच्या तारा थेट मोटरीच्या टोकांना लावाव्यात, म्हणजे प्रवाह नेणाऱ्या तारांचा रोध हिशेबात घुसत नाही. आणि मोजणी ड्राइव्हकडूनच करून घ्यायची असेल तर ती दोन वेगवेगळ्या प्रवाहांवर करावी. ड्राइव्हमधल्या विजेच्या खटक्यांत थोडा दाब वाया जातो. मासळीवाली आधी भरली पाटी तोलते, मग रिकामी तोलते आणि वजाबाकी करते; तसे येथे दोन दाबांची वजाबाकी दोन प्रवाहांच्या वजाबाकीने भागावी. पाटीचे वजन आपोआप निघून जाते.

आता इंडक्टन्स. येथे एक सुरेख युक्ती आहे. यू टोकातून एकदिश प्रवाह आत सोडा आणि व्ही व डब्ल्यू एकत्र जोडून त्यांतून बाहेर काढा. नांगरलेल्या होडीसारखा रोटर वळेल आणि त्याची सोपी दिशा यू फेजच्या रेषेत येऊन थांबेल. आता शाफ्ट पक्का जखडून टाका. मग त्याच टोकांना ५० हर्ट्झचा हलका प्रत्यावर्ती दाब द्या. समजा ६६ व्होल्टला २ अँपिअर गेले. भागाकार ३३. या जोडणीत रोध दीड ओहम असतो. ३३ च्या वर्गातून दीडचा वर्ग वजा करून वर्गमूळ काढले तरी जवळजवळ ३३ च राहतात. त्याला ३१४ ने भागले, म्हणजे ५० हर्ट्झला दोन पायने गुणून येणाऱ्या आकड्याने, की १०५ मिलिहेन्री. या जोडणीत एका फेजच्या दीडपट येते, म्हणून डी-अक्षाचा इंडक्टन्स ७० मिलिहेन्री.

क्यू-अक्षासाठी रोटर फिरवायची गरजच नाही. यू मोकळे सोडा आणि दाब व्ही व डब्ल्यू यांच्यामध्ये द्या. या दोघांचे क्षेत्र यू च्या रेषेशी बरोबर काटकोनात असते, म्हणजे आपोआपच अवघड दिशेने जाते. समजा १८ व्होल्टला २ अँपिअर गेले. भागाकार ९, रोध २ ओहम. ८१ मधून ४ वजा, वर्गमूळ सुमारे ८.८, ३१४ ने भागून २८ मिलिहेन्री. ही दुप्पट आहे, म्हणून क्यू-अक्षाचा इंडक्टन्स १४. दोन्हींचे गुणोत्तर पाच. गुणोत्तर जितके मोठे तितकी मोटर चांगली. या जातीत पॉवर फॅक्टर जास्तीत जास्त किती मिळेल तेही यातूनच निघते: पाचातून एक वजा, भागिले पाच अधिक एक, म्हणजे सुमारे ०.६७.

एवढे सगळे मी त्या दिवशी गाळ्यात मोठ्या रुबाबात केले. आकडे ड्राइव्हमध्ये भरले. मोटर सुरू झाली, भारही तिने थोडा अधिक उचलला. चहा झाला. कामगार आत आले. आणि यंत्राने पूर्ण भार घेताच ड्राइव्ह पुन्हा ट्रिप! दुपारनंतर पुन्हा तीच थरथर. चौघे पुन्हा बाकावर.

शेजारच्या गाळ्यात रिवाइंडिंग करणारे एक वयस्कर गृहस्थ होते. सगळे त्यांना काका म्हणत. ते आले, माझा कागद त्यांनी शांतपणे वाचला आणि म्हणाले, “सर, हिशेब बरोबर आहे तुमचा. पण मोटर मोजली केव्हा? सकाळी, थंड असताना. आणि प्रवाह किती दिला? दोन अँपिअर. ती काम करते पंधरा अँपिअरवर. झोपलेल्या माणसाची नाडी बघून तो धावू शकेल का ते सांगता?”

काकांचे दोन्ही आक्षेप खरे होते. एकेक करून पाहू.

पहिला प्रवाहाचा. जूनच्या पहिल्या सरीत जमीन पाणी पिऊन टाकते. जुलैच्या अखेरीस तीच जमीन तुडुंब होते, आणि वसईत पाणी साचते ते आपल्याला सांगावयाला नको. लोखंडाचेही असेच आहे. थोड्या प्रवाहात ते चुंबकीय रेषा मुकाट्याने सामावून घेते. प्रवाह वाढत गेला की त्याची पोटभर होते. त्याला संपृक्त होणे म्हणतात. मग डी-अक्षाचा इंडक्टन्स उतरतो. दोन अँपिअरला ७० असलेला आकडा पूर्ण भाराला ४० च्या आसपास आला तर नवल नाही. एवढेच नव्हे, एका अक्षातला प्रवाह दुसऱ्या अक्षाच्या लोखंडातही वाटेकरी होतो. म्हणून इंडक्टन्स हा एक आकडा नसून आकड्यांचा तक्ता असतो: या अक्षात इतका प्रवाह, त्या अक्षात तितका, तर इंडक्टन्स अमुक.

त्याचा परिणाम असा. लोखंड संपृक्त होत नसते तर दोन्ही अक्षांत सारखाच प्रवाह देणे, म्हणजे ४५ अंशांचा कोन ठेवणे, सर्वांत काटकसरीचे ठरले असते. प्रत्यक्षात सोप्या दिशेला अधिक प्रवाह ओतून फायदा होत नाही. तो कोन ४५ च्या पुढे सरकवावा लागतो. माझ्या एका आकड्यावर विसंबलेला ड्राइव्ह चुकीच्या कोनात प्रवाह ओतत होता. त्याहून वाईट म्हणजे, त्या मोटरीवर रोटरची जागा दाखवणारे उपकरण नव्हते. रोटर कुठे आहे याचा अंदाज ड्राइव्ह याच आकड्यांवरून करीत होता. आकडा चुकला, जागा चुकली, गती सुटली, ट्रिप.

दुसरा आक्षेप उष्णतेचा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. सकाळी २५ अंशांवर १ ओहम असलेले वाइंडिंग दुपारी १०५ अंशांवर १.३१ ओहमचे होते. मोटर वेगात असताना हा फरक फारसा जाणवत नाही, कारण तेव्हा दाब मोठा असतो. पण सुरुवातीला, मंद गतीत, दिलेल्या दाबाचा मोठा भाग रोधातच खर्च होतो. तिथे एकतृतीयांश चूक म्हणजे हिशेबनिसाला दिशाभूल करणेच. सुट्टीनंतर गरम मोटर थरथरत होती ती यामुळे.

मग काकांच्या देखरेखीखाली मोजणी पुन्हा केली. शाफ्ट जखडून, मोटर तापलेली असताना, दाबाचे ठोके देऊन, प्रवाह पायरीपायरीने पंधरा अँपिअरपर्यंत नेला. प्रत्येक पायरीला रीत अशी: दिलेल्या दाबातून रोध गुणिले प्रवाह एवढा भाग वजा करावयाचा आणि उरलेल्या दाबाची क्षणाक्षणाने बेरीज करीत जावयाचे. ती बेरीज म्हणजे वाइंडिंगमध्ये साठलेले चुंबकीय क्षेत्र. यात रोध चुकीचा धरला तर ती चूकही क्षणाक्षणाने बेरजेत जमा होत जाते, वाण्याच्या वहीतल्या व्याजासारखी. म्हणून रोध आधी, आणि त्याच तापमानाला मोजावा. तक्ता तयार झाला, ड्राइव्हमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीनंतर मोटर पहिल्या खेपेस उचलली. चौघांचा दोन दिवसांचा रोज मात्र बुडाला होता. त्यातला एक दिवस माझ्या नावावर लिहावा लागेल.

अलीकडचे पुष्कळ ड्राइव्ह ही मोजणी स्वतःच करतात. एक बटण दाबले की मोटर थोडी गुणगुणते आणि आकडे भरले जातात. पुष्कळ ठिकाणी मात्र घाईघाईत हे बटण कोणी दाबतच नाही; जुन्या मोटरीचे आकडे तसेच राहतात. म्हणून ज्यांचा गाळा आहे, ज्यांच्या घरचा कोणी मोटरींवर काम करतो, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. मोटर बदलली, वाइंडिंग नव्याने भरून आणले, किंवा ड्राइव्हपासूनची केबल लांबवली, की मोजणी पुन्हा करावी. ड्राइव्हने रोधाची तापमानानुसार दुरुस्ती करण्याची सोय दिली असेल तर ती चालू ठेवावी. आणि मोजणीपूर्वी वीज तोडून ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटे भरेपर्यंत थांबावे. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही जीव घेण्याइतका दाब शिल्लक असतो. हे काम जाणकारानेच करावे.

मी अजूनही फळ्यावर तीच समीकरणे मांडतो. फक्त आता प्रत्येक अक्षरापुढे मुलांना विचारतो, हा आकडा कोणी मोजला, केव्हा मोजला आणि किती प्रवाहावर मोजला? मुले हसतात. परवा त्यांतल्या एकीने मलाच विचारले, “सर, आणि गरम असताना की थंड?” काकांच्या कानावर हे घालावयास हवे.